शिदोरी आईची, चूल स्वतःची



गावाहून शहरातील वसतिगृहात प्रथमच राहायला निघालेल्या मुलाची तयारी तुम्ही पाहिली असेल. आई भाकऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि चार लाडू बांधून देते. पहिले दोन-तीन दिवस ही शिदोरी पुरते. तेवढ्या अवधीत मुलाने स्वतःची चूल मांडायची असते. ती वेळेवर पेटली नाही, तर मात्र उपासमार ठरलेली!

तुमच्या-माझ्या आयुष्याची सुरुवात अगदी अशीच झाली आहे. आईच्या पोटात आपण एका पेशीचे होतो, मग दोन पेशींचे, मग चार पेशींचे झालो. त्या पहिल्या तीन दिवसांत आपला जवळजवळ सारा कारभार आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर चालला होता. आपली स्वतःची जनुके आपल्याजवळ होती. पण ती बहुतांशी झोपलेली होती. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ती जागी झाली. ती कशी जागी झाली, हे शास्त्रज्ञांना कसे कळले, आणि ज्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत सतत वाचायला मिळते त्या मूलपेशींचा याच्याशी काय संबंध, हे आपण आज पाहणार आहोत.

एकच ग्रंथ, निरनिराळी पाने

प्रथम थोडी उजळणी करू. आपले शरीर पेशींचे बनले आहे. पेशीच्या मध्याशी केंद्रक असते आणि केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. गुणसूत्रांत डीएनए या रेणूचा लांबलचक धागा गुंडाळलेला असतो. एका पेशीतील सारे धागे सरळ करून एकापुढे एक ठेवले, तर त्यांची लांबी सुमारे दोन मीटर भरेल! या धाग्यावरील एकेक मजकूर म्हणजे एकेक जनुक. निरनिराळी प्रथिने कशी बनवायची हे सांगणारी सुमारे वीस हजार जनुके माणसात आहेत.

हा डीएनए म्हणजे एखाद्या ग्रंथालयातील दुर्मिळ ग्रंथ समजा. तो कपाटाबाहेर नेता येत नाही. हवे असलेले पान उघडायचे, त्यावरील मजकूर एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा आणि चिठ्ठी बाहेर न्यायची. पेशीतही असेच होते. जनुकाची नक्कल आरएनए या रेणूच्या रूपाने तयार होते. हा संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर पडतो आणि त्यातील सूचनेबरहुकूम प्रथिन तयार होते. ज्या जनुकाच्या चिठ्ठ्या निघत आहेत ते जनुक जागे, ज्याच्या निघत नाहीत ते झोपलेले, असे आपण म्हणू.

आता एक प्रश्न. तुमच्या डोळ्यातील पेशीत आणि यकृतातील पेशीत जनुके वेगवेगळी असतात काय? पुष्कळांना तसे वाटते. पण ते खरे नाही. तांबड्या रक्तपेशींसारखे काही अपवाद सोडले, तर शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत संपूर्ण ग्रंथ असतो. यकृताच्या पेशीत डोळ्याची जनुके असतात, पण ती मिटून ठेवलेली असतात. पेशी कोण आहे हे तिच्याजवळ कोणता ग्रंथ आहे यावर ठरत नाही. त्यातील कोणती पाने उघडी आहेत यावर ठरते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुढचे सारे याच गोष्टीभोवती फिरणार आहे.

शिदोरीत काय असते?

आईची अंडपेशी सुमारे एक दशांश मिलिमीटर व्यासाची असते. नुसत्या डोळ्यांना ती जेमतेम दिसेल. तरीही मानवी शरीरातील ही सर्वांत मोठी पेशी आहे. तिच्या मानाने शुक्रपेशी फारच लहान असते. शुक्रपेशी वडिलांकडील २३ गुणसूत्रे घेऊन येते, पण त्यांखेरीज फारच थोडे सामान आणते. घर, भांडीकुंडी आणि शिधा हे सारे आईकडचे!

गंमत अशी की, तुम्ही ज्या अंडपेशीपासून झालात, तिची सुरुवात तुमची आई स्वतः तुमच्या आजीच्या पोटात होती तेव्हाच झाली होती. मुलीच्या जन्माआधीच तिच्या अंडाशयात अशा पेशी तयार होतात आणि मग वर्षानुवर्षे थांबून राहतात. पुढे एखादी पेशी बाहेर पडायची असली, की त्याआधी काही महिने ती वाढू लागते. याच काळात शिदोरी बांधली जाते. अंडपेशीची जनुके धडाक्याने चिठ्ठ्या काढतात. या हजारो प्रकारच्या चिठ्ठ्यांचा साठा पेशीद्रवात भरून ठेवला जातो. वाढ पूर्ण झाली की ग्रंथ मिटतो आणि नव्या चिठ्ठ्या निघणे थांबते.

मग या चिठ्ठ्या वाट पाहत असताना खराब का होत नाहीत? आणि वेळेआधीच वापरल्या का जात नाहीत? त्याची युक्ती मोठी नामी आहे. जवळजवळ प्रत्येक संदेशवाहक आरएनएला ‘अ’ या एकाच अक्षराची, म्हणजे ॲडेनीन या घटकाची, एक शेपटी असते. साठवणीच्या पुष्कळशा चिठ्ठ्यांची ही शेपटी आखूड ठेवलेली असते. शेपटी आखूड असली की चिठ्ठी निजून राहते. तिची वेळ आली की शेपटी लांब केली जाते आणि मग तिच्यावरून प्रथिन बनू लागते. थोडक्यात, पहिल्या दिवशी काय खायचे आणि दुसऱ्या दिवशी काय, हेही आईने पुडीवर लिहून ठेवलेले असते.

केंद्रकाशिवाय विभाजन!

शिदोरीचा प्रभाव केवढा असतो हे दाखवणारा एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. इथेल ब्राऊन हार्वे या अमेरिकन शास्त्रज्ञ बाई समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांवर काम करीत असत. त्यांनी ही अंडी वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घातली. त्या ओढीने अंड्याचे दोन तुकडे होत. एका तुकड्यात केंद्रक जाई, तर दुसऱ्यात केंद्रक मुळीच नसे. बिनकेंद्रकाच्या तुकड्यांना त्यांनी खारटपणा वाढवलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून चेतवले. तेव्हा ते तुकडे विभागू लागले! १९३६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. काही तुकड्यांचे तर शेकडो पेशींचे गोळे झाले. त्यांपुढे मात्र त्यांची मजल गेली नाही. त्यांपैकी एकाचाही प्राणी बनला नाही.

याचा अर्थ काय? पेशीचे दोन, दोनाचे चार असे तुकडे पाडण्यापुरते शहाणपण अंड्याच्या पेशीद्रवातच असते. पण पोट कुठे, पाठ कुठे, काटे कुठे हे ठरवण्यासाठी स्वतःचा ग्रंथ उघडावाच लागतो.

हा ग्रंथ प्रत्येक प्राणी एकाच वेळी उघडत नाही. उंदराच्या भ्रूणात जनुकांना मोठी जाग दोन पेशींच्या अवस्थेतच येते. गाईच्या भ्रूणात ती आठ ते सोळा पेशी झाल्यावर येते. झेनोपस नावाचा एक आफ्रिकी बेडूक आहे. त्याच्या भ्रूणात पेशींची बारा विभाजने होईपर्यंत वाट पाहिली जाते. दोनाचा बारावा घात काढून पाहा. उत्तर येईल ४,०९६! चार हजार पेशी होईपर्यंत बेडूक आईच्या शिदोरीवरच जगतो.

माणसाचा भ्रूण केव्हा जागा होतो?

माणसाच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळ दिवस अनुत्तरित राहिला. फलन अंडनलिकेत, म्हणजे शरीराच्या आत खोलवर होते. मग पाहणार कसे? ही अडचण दूर होण्याचा मार्ग १९७८ साली खुला झाला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या प्रयत्नांनी शरीराबाहेर फलन होऊन जगातील पहिले बाळ जन्मले. त्याच वर्षी कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही असे बाळ जन्माला आणले; पण त्यांच्या कामाला मान्यता मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना असेच यश आले. या उपचारात कधीकधी गरजेपेक्षा अधिक भ्रूण तयार होतात. ते काही जोडप्यांनी संशोधनासाठी स्वेच्छेने दिले आणि मानवी जीवनाचे पहिले दिवस शास्त्रज्ञांना प्रथमच पाहता आले.

१९८८ साली पीटर ब्रॉड, व्हर्जिनिया बोल्टन आणि स्टीफन मूर यांनी केलेला प्रयोग साधा, पण चातुर्याचा होता. त्यांनी एक विष वापरले. अमानिटा या अतिशय विषारी भूछत्रात अमानिटिन नावाचे द्रव्य असते. जनुकांच्या चिठ्ठ्या उतरवणारा जो लेखनिक, म्हणजे जे विकर, त्याचे काम हे द्रव्य बंद पाडते. पण आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या वापरण्याच्या आड ते येत नाही.

आता तुम्हीच विचार करा. या विषात भ्रूण ठेवला, तर काय व्हायला हवे? तो आईच्या चिठ्ठ्यांवर जगत असेल, तर विषाचा त्याला पत्ताही लागणार नाही. पण स्वतःच्या जनुकांची गरज लागताच तो अडेल.

अगदी असेच झाले. चार पेशी होईपर्यंत विभाजन विष असूनही चालू राहिले. त्यानंतर मात्र ते विषापुढे हतबल ठरले. चार ते आठ पेशींच्या दरम्यान भ्रूणात ज्या नव्या प्रथिनांची भर पडते, त्यांतील काही महत्त्वाची प्रथिनेही विषामुळे बनली नाहीत. म्हणजेच मानवी भ्रूणाची जनुके चार ते आठ पेशींच्या दरम्यान, तिसऱ्या दिवसाच्या आसपास, कामाला लागतात हे सिद्ध झाले.

पुढे तंत्र सुधारले. एकाच पेशीतील सर्व चिठ्ठ्या वाचून काढण्याची पद्धत सापडली. २०१३ साली पेकिंग विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मानवी भ्रूणांतील आणि मूलपेशींतील मिळून १२४ पेशींच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. २०१६ साली स्वीडनमध्ये ८८ भ्रूणांतील १,५२९ पेशींचे असेच वाचन झाले. मोठी जाग तिसऱ्या दिवशीच येते, हे या वाचनांतून पुन्हा दिसले. तरीही शास्त्रात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. २०२२ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील शास्त्रज्ञांना असे आढळले की, एका पेशीच्या अवस्थेतच शेकडो जनुके हळू आवाजात कुजबुजू लागलेली असतात. म्हणजे पहाट लवकर होते, पण घर गजबजते ते तिसऱ्या दिवशी.

शिदोरीतली आगपेटी

आता खरा कठीण प्रश्न. झोपलेल्याला जागे करायला कोणीतरी आधी जागे असावे लागते. मग पहिल्या जनुकाला कोण उठवते?

उत्तर पुन्हा शिदोरीतच आहे. आईने भाकरीबरोबर आगपेटीही बांधून दिलेली असते! काही प्रथिनांचे कामच असे असते की, डीएनएवरील ठरावीक मजकूर ओळखायचा, त्याला चिकटायचे आणि तेथील जनुक जागे करायचे. अशा प्रथिनांच्या चिठ्ठ्या अंडपेशीत ठेवलेल्या असतात. २०२२ साली चिनी शास्त्रज्ञांनी टीपीआरएक्स नावाच्या जनुक-कुटुंबाचा अभ्यास केला. त्यांतील एकाची चिठ्ठी अंडपेशीतच तयार असते, तर त्याची दोन भावंडे भ्रूणात अगदी प्रथम जागी होणाऱ्यांपैकी आहेत. या तिघांच्याही चिठ्ठ्या नाहीशा केल्या, तेव्हा भ्रूणातील जागृतीच विस्कळीत झाली.

असेच दुसरे जनुक म्हणजे ड्यूक्स-४. ते चार पेशींच्या अवस्थेत थोडाच वेळ जागे असते. पण तेवढ्यात ते इतर शेकडो जनुकांची दारे ठोठावते आणि आठ पेशी होईतो पुन्हा झोपी जाते. २०१७ साली हे प्रथम स्पष्ट झाले. मात्र ड्यूक्स-४ एकट्यानेच सारे करते असे समजू नका. उंदरात त्याचे जे भावंड आहे ते काढून टाकले, तरी काही पिल्ले जन्माला येतातच. निसर्गाने आगपेटीत एकच काडी ठेवलेली नाही.

याच सुमारास आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. आपल्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग हा प्राचीन काळी आपल्या पूर्वजांच्या पेशींत शिरलेल्या विषाणूंचा अवशेष आहे. एरवी तो गाढ झोपेत असतो. पण आठ पेशींच्या भ्रूणात त्यांपैकी काही अवशेष जागे होतात आणि शेजारच्या जनुकांना जागे करण्याच्या कामीही येतात. लाखो वर्षांपूर्वी घरात घुसलेला चोर पहारेकरी होऊन बसावा, तसा हा प्रकार आहे.

चूल पेटली की आईच्या जुन्या चिठ्ठ्या नष्ट केल्या जातात. हेही तितकेच आवश्यक आहे. जुन्या आणि नव्या सूचना एकाच वेळी पाळता येणार नाहीत. हा सारा बदल बिनचूक झाला नाही, तर भ्रूणाची वाढ थांबते. प्रयोगशाळेत फलित झालेल्या अंडपेशींपैकी जवळजवळ निम्म्या पाचव्या दिवसाच्या टप्प्यापर्यंत पोचत नाहीत. त्याची कारणे अनेक आहेत. गुणसूत्रांची चुकीची वाटणी हे त्यांतील मोठे कारण. पण वेळेवर न आलेली जाग हेही एक आहे. मूल व्हावे म्हणून वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या आईवडिलांच्या दृष्टीने हा तिसरा दिवस केवढ्या काळजीचा असतो, याची यावरून कल्पना करा.

पहिली वाटणी

चौथ्या दिवशी भ्रूण तुतीच्या फळासारखा पेशींचा गच्च गोळा होतो. पाचव्या दिवशी तो आतून पोकळ होतो. येथे पेशींची पहिली मोठी वाटणी होते. बाहेरच्या थरातील पेशी पुढे वार बनवतात. आत एका बाजूला जो छोटा पुंजका राहतो, त्यापासून सारे शरीर बनते. डोळे, हृदय, हाडे, मेंदू हे सारे या मूठभरसुद्धा नसलेल्या पेशींत दडलेले असते.

वाटणी झाली याचाच अर्थ वेगवेगळी पाने उघडली. आतील पेशींत ऑक्ट-४, सॉक्स-२ आणि नॅनॉग ही जनुके जोरात चालू राहतात. नॅनॉग हे नाव आयर्लंडच्या लोककथांतील चिरतारुण्याच्या भूमीवरून पडले आहे. ते का, हे थोड्या वेळाने कळेल. २०१७ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत कॅथी निआकन यांच्या गटाने मानवी भ्रूणातील ऑक्ट-४ हे जनुक निकामी केले. तेव्हा पोकळ गोळा नीट बनेना आणि बाहेरच्या थरातील जनुकांचे कामही बिघडले. उंदरात मात्र हेच जनुक काढले, तर पोकळ गोळा तयार होतो आणि बिघाड नंतर दिसतो. उंदरावरून माणसाविषयी सारेच सांगता येत नाही, ते असे.

थांबवून ठेवलेली पहाट

आतील पुंजक्यातील पेशी काढून बशीत वाढवल्या तर? १९८१ साली हे उंदराच्या बाबतीत साधले. माणसाच्या बाबतीत ते १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी साधले. योग्य द्रावणात या पेशी विभागत राहतात, पण कोणताही व्यवसाय पत्करत नाहीत. त्या हृदयाच्या होत नाहीत की मज्जेच्या होत नाहीत. मात्र यांपैकी काहीही होण्याची क्षमता त्यांच्यात टिकून असते. यांनाच भ्रूण-मूलपेशी म्हणतात. भ्रूणात ही अवस्था काही दिवसच टिकते. बशीत ती वर्षानुवर्षे टिकवता येते. नॅनॉगला चिरतारुण्याचे नाव का दिले, हे आता ध्यानात आले ना?

पण एक फरक विसरू नका. मूलपेशी या साधारण सहाव्या-सातव्या दिवशीच्या पेशींसारख्या असतात, आठ पेशींच्या भ्रूणासारख्या नव्हेत. ड्यूक्स-४ त्यांच्यात पुन्हा झोपलेले असते. २०२२ साली काही प्रयोगशाळांना बशीतील मूलपेशींमध्ये आठ पेशींच्या भ्रूणाची जनुके चालू असलेल्या मोजक्या पेशी आढळल्या. त्यामुळे तिसऱ्या दिवसाचा अभ्यास भ्रूणाशिवायही काही प्रमाणात करता येण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

मग एकदा व्यवसाय पत्करलेली पेशी परत मागे जाऊ शकते का? या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट तुम्हाला आवडेल. जॉन गर्डन शाळेत असताना जीवशास्त्राच्या परीक्षेत अडीचशे मुलांत शेवटचे आले होते. हा मुलगा शास्त्रज्ञ होण्याची स्वप्ने पाहतो हे हास्यास्पद आहे, अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात मारला होता. याच गर्डन यांनी १९६२ साली बेडकाच्या अंड्यातील केंद्रक निकामी केले आणि त्या जागी डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक बसवले. अशा काही अंड्यांतून पोहणारे डिंभ निघाले! म्हणजे आतड्याच्या पेशीत सारा ग्रंथ शाबूत होता. आईच्या पेशीद्रवाने त्याची मिटलेली पाने पुन्हा उघडली. तो शेरा गर्डन यांनी चौकटीत घालून आपल्या टेबलावर ठेवला होता.

२००६ साली जपानमधील शिन्या यामानाका यांनी आणखी पुढची मजल मारली. मूलपेशींत जागी असणारी २४ जनुके त्यांनी निवडली. त्यांतील एकेक वगळत जाऊन शेवटी चारच पुरतात असे त्यांना आढळले: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. ही चार जनुके उंदराच्या कातडीतील साध्या पेशीत घालताच तिचे मूलपेशीसारख्या पेशीत रूपांतर झाले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही हे जमले. त्यासाठी अंडपेशीही लागली नाही की भ्रूणही लागला नाही. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अवेळी आलेली जाग

हे सारे ज्ञान कशासाठी, असे कोणी विचारील. ड्यूक्स-४ कडे पुन्हा एकदा वळू. आपल्या चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी डीएनएचा एक तुकडा पुन्हा पुन्हा आला आहे. निरोगी माणसात त्याच्या साधारण अकरा ते शंभर प्रती असतात. या प्रतींवर मिथाइलचे बारीक गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन यांचे गट, चिकटलेले असतात. डीएनए तेथे घट्ट गुंडाळलेला असतो. त्यामुळे त्यात असलेले ड्यूक्स-४ आयुष्यभर कुलपात राहते.

काही माणसांत मात्र जन्मतःच या प्रती दहा किंवा त्याहून कमी असतात. मग गुंडाळी सैल पडते. एका विशिष्ट प्रकारच्या चौथ्या गुणसूत्रावर असे झाले, तर ड्यूक्स-४ स्नायूंच्या पेशीत जागे होते. जे काम चार पेशींच्या भ्रूणात करायचे, तेच ते मोठ्या माणसाच्या स्नायूत करू लागते! स्नायूंच्या पेशी या गोंधळात मरतात. चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू हळूहळू दुबळे होतात. अशा रुग्णाला शिटी वाजवता येत नाही, झोपेत डोळे पूर्ण मिटत नाहीत, आणि पुढे हात डोक्यावर नेणे कठीण होते. हा आजार पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालतो. ड्यूक्स-४ ला पुन्हा कसे झोपवावे, याचे प्रयत्न आज अनेक ठिकाणी चालू आहेत. जे जनुक तिसऱ्या दिवसाच्या तोंडावर आपल्याला उठवायला येते, तेच तिसाव्या वर्षी आले तर घात करते. जनुक चांगले की वाईट हे पुष्कळदा त्याच्या वेळेवर ठरते.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की, मूलपेशींनी हवा तो रोग बरा करून देतो अशा जाहिराती तुमच्या पाहण्यात येतील. रक्ताच्या काही आजारांवर अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण गेली अनेक दशके यशस्वीपणे होत आहे, हे खरे. पण मूलपेशी या शब्दाला भुलून कोणत्याही आजारासाठी पैसे मोजणे धोक्याचे आहे. जी पेशी काहीही होऊ शकते, ती नको तेथे नको ते होऊ शकते, अगदी अर्बुदसुद्धा. तेव्हा घरात असा विषय निघाला तर ‘हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे का?’ असे विचारायला संकोचू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे, मानवी भ्रूणावर प्रयोग करावेत की नाही, हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. आपल्या देशातील मार्गदर्शक नियमांनुसार मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. जनुके तिसऱ्या दिवशी जागी होतात हे शास्त्र सांगू शकते. त्या छोट्या गोळ्याला माणूस केव्हापासून म्हणायचे, हे मात्र सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्याचा विचार आपण सर्वांनी मिळून करायचा आहे. तुमच्या वर्गात यावर चर्चा घडवून आणली, तर ती फार उपयोगी होईल.

आता तुमच्या हाताकडे पाहा. कातडीच्या प्रत्येक जिवंत पेशीत तोच ग्रंथ आजही आहे. तिसऱ्या दिवशी उघडलेली पाने त्यात आहेत, आईच्या शिदोरीतल्या चिठ्ठ्या ज्यांवरून लिहिल्या गेल्या तशी पानेही आहेत. ती मिटलेली आहेत, म्हणूनच तुमची कातडी कातडी आहे. आज घरी गेल्यावर आईला सांगा, की तिने तुम्हाला दिलेली पहिली शिदोरी शाळेच्या डब्यातली नव्हती. ती त्याच्या कितीतरी आधीची होती, आणि ती बरोबर तीन दिवस पुरली.